शून्याजवळचा वणवा

निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम ०.३ केल्विन. अतिवाहक चुंबकाच्या पोटात दीड मिलिमीटर लांबीचा एक काळा स्फटिक बसवला आहे. त्यात सुमारे ७ कोटी अब्ज रेणू आहेत आणि त्यांतला प्रत्येक रेणू स्वतः एक चुंबक आहे. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र उलटं फिरवलं, त्यांना वळायला भाग पाडणारा जोर मिनिटागणिक वाढवत नेला, तरी ते जागचे हलत नाहीत. आणि मग कुठलीही पूर्वसूचना न देता, सेकंदाच्या सहा-सात हजाराव्या भागात, सगळेच्या सगळे पालथे होतात.

पुढची घडी कोणत्याही एका दिवसाची नोंद नाही. मँगनीज-१२ ॲसिटेट या पदार्थावर न्यूयॉर्क, ग्रेनोबल आणि बार्सिलोना इथे जे प्रयोग झाले, ते ज्या क्रमाने होतात आणि ज्या आकड्यांत बसतात, त्यावरून ती लावली आहे. शून्य म्हणजे पलटीचा क्षण.

१६ तास आधी

सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक निवडण्याचं काम चालू आहे. मँगनीज ॲसिटेट आणि पोटॅशियम परमँगनेट ॲसेटिक आम्लात मिसळून काही दिवस न हलवता ठेवलं की हे स्फटिक तयार होतात: काळेभोर, लांबट, चौकोनी छेदाचे. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ इथे तादेउश लिस यांनी १९८० मध्ये या पदार्थाची रचना प्रसिद्ध केली. त्याच्या चुंबकत्वात काय दडलं आहे हे जगाला कळायला पुढे दहा-बारा वर्षं गेली.

निवडलेला स्फटिक ब्रशच्या एका केसाने उचलून गॅलियम आर्सेनाइडच्या चकतीवर ठेवायचा असतो. चकतीवर चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या हॉल सेन्सरांची रांग आहे. प्रत्येक सेन्सर तीसेक मायक्रॉनचा, आणि एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८० मायक्रॉन. स्फटिकाची लांबी या रांगेशी समांतर बसली पाहिजे, कारण रेणूंच्या चुंबकत्वाचा अक्षही त्याच लांबीच्या दिशेने असतो. थोडा तिरका बसला तर पुढचं सगळं मोजमाप तिरकं.

स्फटिक जागेवर धरून ठेवायला ग्रीसचा अगदी पातळ थर लावतात. जाड झाला तर स्फटिक सेन्सरांपासून दूर राहतो, अपुरा पडला तर चकतीला नीट टेकत नाही. उद्या या स्फटिकाला स्वतःची उष्णता बाहेर टाकावी लागेल तेव्हा तिला जायला मुख्य वाट हीच आहे, ग्रीसच्या या थरातून. चारही बाजूंना निर्वात पोकळी असते आणि पोकळीतून उष्णता वाहत नाही.

आणखी एक गोष्ट स्फटिकाच्या आत आधीच ठरून गेलेली आहे. मोठ्या रेणूंच्या मधल्या फटींत ॲसेटिक आम्लाचे आणि पाण्याचे लहान रेणू अडकलेले असतात. ते सगळीकडे एकसारखे बसत नाहीत. त्यामुळे शंभरातल्या चार-पाच मोठ्या रेणूंची ठेवण किंचित बिघडते, त्यांच्यातल्या एखाद्या मँगनीज अणूचा अक्ष भलत्याच दिशेला वळतो. बाहेरून पाहिलं तर स्फटिक निर्दोष, चकचकीत. या वाकड्या रेणूंची कामगिरी सोळा तासांनी दिसेल.

१२ तास आधी

क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे स्फटिक थंड ठेवणाऱ्या पात्रात, द्रवरूप नायट्रोजन भरला आहे. ७७ केल्विन, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियस. आपल्या दृष्टीने ही भयंकर थंडी, पण रेणूंच्या दृष्टीने हा भर बाजार आहे. त्यांची चुंबकं क्षणाक्षणाला दिशा बदलत आहेत.

८ तास आधी

नायट्रोजन काढून द्रवरूप हेलियम आत घेतलं. ४.२ केल्विन.

आता रेणूकडे जवळून पाहायला हरकत नाही. त्यात मँगनीजचे १२ अणू आहेत: आठ बाहेरच्या कड्यात, चार आत. आठांची स्पिन, म्हणजे अणूचं मूळचं चुंबकपण, एका दिशेला, चारांची विरुद्ध दिशेला. वजाबाकी होऊन रेणूची एकूण स्पिन उरते १०. ही १० एककांची बेरीज एकसंध वागते, जणू रेणू हा एकच मोठा चुंबकीय अणू आहे. तिला अक्षाच्या वरच्या दिशेला किंवा खालच्या दिशेला राहायला आवडतं. मधल्या दिशा महाग पडतात. वरून खाली यायचं तर पायऱ्यापायऱ्यांचा एक चढ चढून पलीकडे उतरावं लागतं, आणि ऊर्जा तापमानाच्या एककात मोजली तर तो चढ सुमारे ६५ केल्विनचा आहे. एकूण पायऱ्या २१.

चढ कोण चढवतं? स्फटिकाच्या जाळीतली उष्णतेची थरथर. थरथर जितकी कमी, तितका एखादा रेणू माथ्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, आणि ही शक्यता तापमानाबरोबर अतिशय वेगाने घसरते. ४.२ केल्विनला एका रेणूला उलटायला सरासरी अर्धा सेकंद लागतो. ३ केल्विनला काही मिनिटं. २ केल्विनला सुमारे दोन महिने. हा आकडा १९९३ मध्ये फ्लॉरेन्सच्या रोबेर्ता सेसोली, दांते गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की एक सुटा रेणू चुंबकाची दिशा धरून ठेवू शकतो. चुंबक म्हटला की त्यात एकमेकांना धरून असलेले अब्जावधी अणू हवेत, ही समजूत त्या दिवशी गेली. रेणूवर एक माहिती-बिंदू लिहिता येईल, ही आशा तिथून सुरू झाली.

४ तास आधी

क्रायोस्टॅटच्या आत हेलियमचं एक छोटं भांडं आहे. त्यावरचा पंप चालू केला की द्रव उकळतं आणि उकळता उकळता स्वतःच गार होतं. तापमान दीड केल्विनच्या खाली येतं. मघाच्या घसरणीचंच गणित दीड केल्विनला वापरलं तर रेणू उलटायला लागणारा काळ ५,००० वर्षांच्या पुढे जातो. दोन महिन्यांवरून पाच हजार वर्षांवर यायला अर्धा केल्विन पुरला.

कागदावर पाहिलं तर इथून पुढे स्फटिक अचल आहे.

२ तास आधी

शेवटची उतरण हेलियम-३ने करतात. हा हेलियमचा दुर्मीळ आणि महागडा भाऊ. तो वातावरणात सोडून देणं कुणालाच परवडत नाही, म्हणून बंद नळ्यांत फिरवत ठेवतात. गार भांड्यात तो थेंबाथेंबाने द्रवरूप होतो. तो पुरेसा जमला की थंड केलेला सक्रिय कोळसा त्याची वाफ शोषू लागतो. तापमान ०.३ केल्विनवर येऊन थांबतं. पंपांची घरघर सोडली तर प्रयोगशाळेत करण्यासारखं काही उरत नाही.

धोका इथेच तयार होतो. थंडी वाढत गेली तशी रेणूंची हालचाल बंद झाली, हे आपण पाहिलं. पण त्याच थंडीने आणखी एक गोष्ट नाहीशी केली: उष्णता पचवण्याची स्फटिकाची ताकद. जाळीची उष्णताधारकता या तापमानांना तापमानाच्या घनाप्रमाणे घटते. तापमान ३० पट कमी केलं तर धारकता २७,००० पट कमी होते. म्हणजे ९ केल्विनला जो उष्णतेचा कण स्फटिकाला जाणवलाही नसता, तोच ०.३ केल्विनला त्याला कितीतरी अंश तापवून जातो. आपल्याला वाटतं, इतक्या थंडीत ठेवलेली वस्तू सुरक्षित आहे. ती गोठलेली आहे, सुरक्षित अजिबात नाही. तिच्याकडे आता झटका सोसायला काही शिल्लकच नाही.

६८ मिनिटं आधी

क्षेत्र उणे ५ टेस्लावर नेलं आहे. सगळे रेणू त्या दिशेला तोंड करून आहेत, चुंबकन पूर्ण. सेन्सरांचे आकडे स्थिर. इथून क्षेत्र सेकंदाला २ मिलिटेस्ला या संथ गतीने शून्याकडे आणि तिथून उलट दिशेला सरकवायचं. संगणकाला एक आज्ञा दिली की विद्युतपुरवठा आपोआप ते करतो. पहिली ४२ मिनिटं पडद्यावर एक आडवी रेष उमटत राहते.

२६ मिनिटं आधी

क्षेत्र शून्य. क्षणभर दोन्ही दिशा सारख्याच. मग क्षेत्र चिन्ह बदलतं आणि स्फटिकातला प्रत्येक रेणू चुकीच्या बाजूला उभा राहतो.

ऊर्जेचा साठा इथून सुरू होतो. क्षेत्र १ टेस्ला झालं की प्रत्येक रेणूकडे सुमारे २७ केल्विनची जादा ऊर्जा जमते. २ टेस्लाला ५४. त्याला खाली यायचं आहे, पण मध्ये चढ आहे आणि चढायला लागणारी थरथर जाळीत नाही. क्षेत्राबरोबर चढही कमी होतो आहे, पण ०.३ केल्विनच्या थरथरीला तो अजून फार मोठा आहे.

चढ चढण्याखेरीज आणखी एक वाट आहे. क्वांटम टनेलिंग: रेणू चढ न चढता थेट पलीकडच्या पायरीवर प्रकटतो. पण हे केव्हाही होत नाही. अलीकडची पायरी आणि पलीकडची एखादी पायरी अगदी समपातळीत आल्या पाहिजेत, आणि या पदार्थात तसा योग क्षेत्र दर ०.४५ टेस्लाने वाढलं की येतो. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये जोनाथन फ्रीडमन आणि मिरियम सॅराचिक यांनी, बार्सिलोनाचे हाविएर तेहादा आणि झेरॉक्सचे रोनाल्ड झिओलो यांच्यासह, चुंबकनाच्या वक्रावर समान अंतरावरच्या या पायऱ्या दाखवल्या. त्याच वर्षी ग्रेनोबलच्या गटानेही त्या एका स्फटिकात पाहिल्या. डोळ्यांना दिसेल एवढ्या वस्तूवर क्वांटम भौतिकीची मोजपट्टी उमटलेली. मला ही गेल्या शतकातल्या शेवटच्या दशकातली एक सर्वांत सुंदर आलेखरेषा वाटते.

फ्रीडमन यांचा नमुना मुद्दाम एकसंध घेतलेला नव्हता. बारीक स्फटिककण एका दिशेला लावून राळेत पक्के केलेले होते. कणाकणामध्ये राळ असली की एका कणातली उष्णता दुसऱ्यात सहज जात नाही. आज आपल्या चकतीवर तसं काही नाही. दीड मिलिमीटरचा सलग स्फटिक आहे.

२२ मिनिटं आधी

०.४५ टेस्ला, समपातळीची पहिली खूण. मुख्य रेणू ढिम्म. इतक्या थंडीत आणि इतक्या कमी क्षेत्रात त्यांचं टनेलिंग नगण्य आहे. या सुरुवातीच्या टप्प्यांवर जे थोडेफार उलटतात ते बहुतेक वाकडे रेणू, ज्यांचा चढ मुळात कमी आहे. प्रत्येक जण उलटताना आपल्या वाट्याची ऊर्जा जाळीला देऊन जातो. ती ग्रीसमधून वाहून जाते. हेलियमच्या भांड्याला तिचा भार होत नाही.

१५ मिनिटं आधी

१.३५ टेस्ला, तिसरी खूण. पडद्यावरची रेष किंचित वाकली आहे. ती वाकलेली आहे हे ठाऊक असेल तरच दिसेल इतकीच.

अशी हळूहळू होणारी पडझड रेणूंच्या साखळ्यांत जास्त स्पष्ट कळते, म्हणून दोन शब्द त्यांच्याबद्दल. मँगनीज-१२मध्ये रेणू एकमेकांपासून अलग आहेत. साखळी-चुंबकांत ते एका ओळीत, एकमेकांचा हात धरून असतात. २००१ मध्ये फ्लॉरेन्सच्याच गटाने कोबाल्ट आणि एका सेंद्रिय मुक्त मूलकाची अशी मळसूत्री साखळी दाखवली. तिचं चुंबकन फार सावकाश ढळतं, आणि ज्या तऱ्हेने ढळतं ते रॉय ग्लाउबर यांनी १९६३ मध्ये निव्वळ कागदावर मांडलेल्या गणिताशी जुळतं. साखळीतला एक रेणू उलटायचा तर डावीकडच्या आणि उजवीकडच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी बिनसावं लागतं, आणि हे दुप्पट महाग पडतं. टोकाच्या रेणूला एकच शेजारी असतो. त्यामुळे पलटी टोकापासून सुरू होते आणि पुढे सरकत जाते. खरी साखळी कधीच अखंड नसते. एखादी गाठ चुकलेली असते, एखादा अणू गळालेला असतो, आणि असं प्रत्येक वैगुण्य हे आणखी एक टोक असतं. साखळ्यांत जस्ताचे अचुंबकीय अणू मुद्दाम पेरून हे तपासलंही गेलं आहे. अतिशीत तापमानाला साखळ्यांच्या स्फटिकांतही संथ ढळण्याच्या जागी आकस्मिक पलट्या मोजल्या गेल्या आहेत.

दोन्हीकडे सुरुवात कमकुवत जागेपासून होते. साखळीत ते तुटलेलं टोक, मँगनीज-१२मध्ये वाकडा रेणू.

४ मिनिटं आधी

२.७ टेस्ला, सहावी खूण. आता मुख्य रेणूही टनेलिंगच्या आवाक्यात येऊ लागले. समपातळीचा योग येतो, काही रेणू पलीकडच्या वरच्या पायरीवर उतरतात आणि तिथून तळापर्यंत घसरत जातात. प्रत्येक पायरीवरची ऊर्जा जाळीच्या कंपनांत जाते. योग टळतो, पुन्हा शांत.

प्रयोग करणाऱ्यांना हेच हवं आहे. सातवी, आठवी, नववी खूण एकेक करून यावी, प्रत्येकीवर किती रेणू पार झाले ते मोजावं, तापमान बदलून पुन्हा मोजावं. टनेलिंग तळाच्या पायरीवरून होतं की थोडं चढून वरच्या पायरीवरून, याचं उत्तर या मोजमापातून निघतं. त्यासाठी स्फटिक शेवटपर्यंत ०.३ केल्विनलाच राहिला पाहिजे.

१ मिनिट आधी

३ टेस्लाच्या थोडं वर. हिशेब मांडून पाहावा असा हा क्षण आहे. दर रेणूमागे ८५ केल्विनच्या आसपास ऊर्जा साठली आहे. भोवतालच्या जाळीचं तापमान ०.३. चढ मूळच्या निम्म्याहून खाली आला आहे. पूर्ण स्फटिकातला साठा ८० ते ९० मायक्रोज्यूल. इतक्याशा ऊर्जेने खोलीत कुणाचं काही बिघडणार नाही. इथे मात्र ती बाहेर पडली तर स्फटिक दहा-बारा केल्विनपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो.

शेवटचा सेकंद

३.१५ टेस्ला, सातवी खूण. समपातळी जुळत येते. स्फटिकभर रेणू तुरळक पार होऊ लागतात.

कुठेतरी एका कोपऱ्यात ते जरा दाटीने होतं. कदाचित तिथे वाकडे रेणू जास्त आहेत, कदाचित ग्रीस तिथे नीट टेकलेलं नाही. तिथली उष्णता जितक्या वेगाने निर्माण होते तितक्या वेगाने निघून जात नाही. फरक अगदी थोडा. पण धारकता जवळपास शून्य असल्याने तेवढ्याने त्या जागेचं तापमान ठळकपणे वाढतं. वाढलेल्या तापमानाला आणखी रेणू चढ ओलांडतात. ते आणखी उष्णता देतात.

बाकीच्या स्फटिकाला याची खबर नाही. तिथले रेणू पूर्वीइतकेच निश्चल आहेत. क्षेत्र याच क्षणी मागे घेतलं तर? नाही घेता येत. अतिवाहक वेटोळ्यातला प्रवाह इतक्या चटकन बदलत नाही, आणि बदलला असता तरी पुढे जे होतं ते माणसाने बटण दाबायच्या आत संपतं.

शून्य

त्या जागेचं तापमान एक मर्यादा ओलांडतं. तिथले रेणू आता मायक्रोसेकंदांत उलटतात. सगळा साठा एकदम बाहेर पडतो. शेजारचा थर तापतो, त्याचेही रेणू उलटतात, त्यांचाही साठा बाहेर येतो, त्याच्या शेजारचा थर तापतो.

सह्याद्रीच्या उतारावर मार्च-एप्रिलच्या रात्री वणवा पाहिला असेल त्याला ही रचना ओळखीची वाटेल. पेटलेली असते ती फक्त एक बारीक, वाकडीतिकडी ओळ. तिच्या मागे काळी जमीन, जिथे आता जळण्यासारखं काही नाही. तिच्या पुढे वाळलेलं गवत, जे अजून थंड आहे. ओळ पुढे सरकते ती आपल्या पुढच्या वीतभर गवताला तापवत. स्फटिकात हुबेहूब हेच घडतं, फरक इतकाच की राख उरत नाही. इंधन म्हणजे चुकीच्या दिशेला तोंड केलेले रेणू. जळलेला भाग म्हणजे उलटलेले रेणू.

८ मायक्रोसेकंद नंतर

पहिल्या सेन्सरखालून पलटीची आघाडी गेली. आघाडीच्या अलीकडे चुंबकन एका दिशेला, पलीकडे विरुद्ध, त्यामुळे नेमक्या सीमेवर चुंबकीय रेषा बाजूला फाकतात आणि सेन्सरवर एक टोकदार उसळी उमटते. आठ मायक्रोसेकंदांनी दुसऱ्या सेन्सरवर उसळी, त्यानंतर तेवढ्याच अंतराने तिसऱ्यावर. अंतर माहीत, वेळ माहीत: वेग सेकंदाला सुमारे १० मीटर.

हाच आकडा या सगळ्या घटनेची किल्ली ठरला. ध्वनी स्फटिकातून याच्या शंभर-दोनशे पट वेगाने जातो. पलटी ध्वनीच्या धक्क्याने पसरत असती तर ती त्या वेगाने गेली असती. ती जाते उष्णतेच्या पायाने, एकेक थर तापवत. आणि वेग स्फटिकभर एकसारखा राहतो, जसा ज्वालेचा राहतो. योको सुझुकी, सॅराचिक, युजीन चुडनोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे सेन्सरांच्या रांगेवर मोजून दाखवलं. त्याआधी दहा वर्षं अशा पलट्या माहीत होत्या. ग्रेनोबलमध्ये कार्ली पॉलसन आणि जे. जी. पार्क यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यालाच त्या नोंदवल्या होत्या. पण संपूर्ण स्फटिकाचं चुंबकन एकाच आकड्यात मोजलं तर दिसतो फक्त एक कडा, उभा तुटलेला. स्फटिकाच्या आत काहीतरी चालत जातं आहे, त्याला पुढचं टोक आहे, हे कळायला स्फटिकाखाली ओळीने पहारेकरी बसवावे लागले.

१५० मायक्रोसेकंद नंतर

आघाडी दुसऱ्या टोकाला पोचली आणि इंधन संपलं. ८५ मायक्रोज्यूल दीडशे मायक्रोसेकंदांत बाहेर पडले, म्हणजे या अवधीपुरता स्फटिक अर्ध्या वॅटचा दिवा होता. हेलियम-३चं शीतक या तापमानाला साधारण शंभर मायक्रोवॅट उपसतं. मागणी पुरवठ्याच्या पाच हजार पट.

काही सेकंद नंतर

पडद्यावर उभी रेष. तापमापी वर उडाली आहे. उष्णता ग्रीसमधून उतरून चकतीत, चकतीतून तांब्यात, तांब्यातून हेलियमच्या भांड्यात येते. भांडं ती पचवतं आणि थोड्या वेळाने काटा ०.३वर परत येतो. स्फटिकाला भेग गेलेली नाही. एकही रेणू तुटलेला नाही. वस्तू म्हणून पाहिलं तर काहीच घडलेलं नाही.

जे गेलं ते असं: सातव्या खुणेवर टनेलिंगने किती पार झाले, आठवीवर किती, नववीवर किती, हे आता या फेरीत कळणार नाही. कुठला रेणू आधी, कुठला नंतर, याचा माग पुसला गेला. दोन महिने काय, हजारो वर्षं टिकू शकेल असं ज्याच्याबद्दल गणित सांगत होतं ते सगळं चुंबकन दीडशे मायक्रोसेकंदांत उलटं झालं. कुणी या रेणूंवर खरोखर माहिती लिहिली असती तर एका रेणूच्या चुकीने सगळी वही कोरी झाली असती. बाहेरून कोणी हल्ला केला नाही. प्रत्येक रेणूने फक्त आपली उष्णता शेजाऱ्याला दिली.

१ तास नंतर

नासलेल्या फेरीतलं सगळंच टाकून द्यायचं नसतं. वणव्यालाही स्वतःचा अभ्यास आहे. बार्सिलोनात तेहादा यांच्या गटाने पलटी नशिबावर सोडली नाही. त्यांनी स्फटिक एका ध्वनिलहरी चालवणाऱ्या आधारावर बसवला आणि लहरीच्या छोट्याशा झटक्याने हव्या त्या क्षेत्रात तो पेटवला. मग दिसलं ते असं की आघाडीचा वेग क्षेत्राबरोबर सरळ वाढत जात नाही. समपातळीच्या खुणांवर तो उसळतो. म्हणजे वणव्याच्या आतही टनेलिंग चालूच आहे, खुणेवर चढ थोडा पोखरला जातो आणि आग तेवढी जलद धावते. ज्वालेचा वेग क्वांटम नियमांनी ठरतो अशी दुसरी ज्वाला मला माहीत नाही.

आता दिस्प्रोसियमचे रेणू आले आहेत. २०१७ मध्ये असा एक रेणू ६० केल्विनपर्यंत आपली दिशा धरून राहिला, आणि २०१८ मध्ये दुसऱ्याने ८० केल्विन गाठले, म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या वर. ही बातमी सहसा स्वस्त शीतकरणाची म्हणून सांगितली जाते. मला तिचं दुसरं अंग जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या तापमानाला जाळी उष्णता पचवू शकते. एक रेणू उलटला तर त्याची ऊर्जा भोवतीच्या शेकडो अणूंच्या कंपनांत विरून जाते, शेजाऱ्याचं तापमान जेमतेम हलतं, आग लागायला जागा राहत नाही. रेणूंना थंड ठेवून त्यांच्याकडून स्थैर्य मिळवण्याच्या मार्गात पलटी कायम दबा धरून बसलेली असते. रेणूचा स्वतःचा चढ उंच करून मिळवलेलं स्थैर्य वेगळ्या जातीचं आहे, आणि रसायनशास्त्रज्ञांनी गेली काही वर्षं त्यावर घाम गाळला आहे तो योग्यच आहे.

दुसऱ्या दिवशी

क्षेत्र पुन्हा उणे ५ टेस्लावर. पण आधी क्रायोस्टॅट गरम करून तो दीड मिलिमीटरचा स्फटिक काढला आहे आणि त्याच्या जागी अर्ध्या मिलिमीटरचा बसवला आहे, खालून नीट ग्रीस लावून. लहान स्फटिकात आतल्या रेणूपासून बाहेरच्या पृष्ठापर्यंतचं अंतर कमी असतं, उष्णतेला अडकून पडायला वेळ मिळत नाही. सरकण्याचा वेगही कमी केला आहे: सेकंदाला अर्धा मिलिटेस्ला. काल सातव्या खुणेपर्यंत यायला ६८ मिनिटं लागली होती, आज साडेचार तास लागतील. पहारा मात्र दहाव्या खुणेपर्यंत ठेवायचा आहे.